दादाच्या बाजूचा केर

आम्ही दोघं भाऊ आटपाडी सोडून निघालो, त्या दिवशी आईनं झाडूला हात लावला नाही. माणूस घराबाहेर पडलं की मागोमाग केर काढायचा नाही. गेलेलं परत येत नाही म्हणतात. एस्टीत चढताना मी चिडवलं, "आये, आता आमी येस्तवर झाडूच मारू नगंस!" ती म्हणाली, "गप चढ."

आमचा धंदा गलाईचा, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचा. तो चालतो केरावरच! त्यापायी मुलूखभर पांगलेल्यांना हे सांगायला नको. ब्रह्मदेशातल्या यांगूनमध्ये आम्ही सोनारांच्या दुकानातली धूळ आणायचो, जाळायचो, भट्टीत घालून तिच्यातलं सोनं काढायचो. फरशीवरचा कणही दादा वाया जाऊ देत नसे. त्यानं तिथलीच बायको केली. त्यांची पोरगी रेवा घरात बर्मी बोलायची आणि फोनवर आजीशी अस्सल आटपाडीचं मराठी. गावाकडं आम्ही दोन दारांचं एक घर बांधलं, अर्धं त्याचं, अर्धं माझं.

मग तिथं लष्करानं सत्ता घेतली. कॉलेजची पोरं रस्त्यावर उतरली, त्यांत रेवाही. तिला उचलून नेलं. कुठल्या तुरुंगात ठेवलीय, एवढं कळायलाही दादाला दारोदार फिरावं लागलं. मला म्हणाला, "तू पोराबाळांना घिऊन जा गड्या. म्या पोरीला सोडून येत न्हाई."

मी आलो. दादाचं दार उघडलं तर बोटभर धूळ. मागं म्हसवडच्या यात्रेला येऊन गेला, तेव्हापासूनची. सवयीनं झाडू उचलला, तो आईनं हिसकावून घेतला. "त्यो यिऊ दे आधी."

माझं डोकंच फिरलं. "आये, तुज्या झाडूवर पलटण हलतीय व्हय तिथली?"

ती झाडू घेऊन माझ्या दाराकडं वळली. माझी बाजू मात्र तिनं लख्ख झाडली, मी तर आलो होतो ना.

परवा दादाचा व्हिडिओ कॉल आला. रेवा अजून आतच. म्हणाला, "माजी खोली दाव रं." मी भीतभीतच फोन फिरवला. कॉट, खिडकी, फरशी, सगळीकडं धूळ. आता शिव्या घालणार, असं वाटलं.

"आईनं केर काडला न्हाई व्हय?"

"न्हाई."

"ऱ्हाऊ दे मग. आमी तिघं आल्यावर काडू."

मागं उभ्या आईनं डोळ्याला पदर लावला आणि ते दार हळूच ओढून घेतलं. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं, तर आता मला माझी लख्ख बाजू आठवतच नाही. ते दार आठवतं.