डब्यापुरतं राज्य

तुमच्या मुलाच्या डब्यात आज काय होतं, हे त्याला न विचारता सांगता येईल तुम्हाला? हौसाआत्याला सांगता यायचं. मी शाळेतून आले की ती आधी माझा डबा उघडायची, तळ निरखायची आणि मगच म्हणायची, "आलीस का?" कोपऱ्यात चटणी उरलेली दिसली तर विचारायची, "तिखट झाली, का पोरी हसल्या?"

हौसाआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण, पिंपळवंडीला दिलेली. नव्वदच्या दशकात लोणीजवळच्या आमच्या वस्तीवरून हायस्कूल लांब पडायचं, म्हणून आठवीला मी तिच्याकडे राहायला गेले. गोठ्यात दोन म्हशी होत्या, तरी डब्यात दूध, दही, तूप यांतलं काहीच नसायचं. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, कारळ्याची चटणी, कधी शेंगदाणे आणि गूळ. शेवग्याचा पाला ती पिठातच मळायची. हुलग्याची शेंगोळी घट्ट शिजवायची, म्हणजे दप्तरात सांडत नसे. सगळं रानातलं, नाहीतर बांधावरचं.

कारण तिनंच सांगितलं. आदल्या वर्षी म्हशीचं रेडकू मेलं. आत्याच्या मालकांनी त्याच्या कातड्यात पेंढा भरला आणि ते म्हशीपुढं उभं केलं. म्हैस ते चाटत राहिली, तिला पान्हा फुटला. धार काढायला आत्याच बसली होती.

"तिला फसवलं ते माझ्याच हातानं. तवापासनं लेकरांच्या डब्यात न्हाई घालत."

"मग दूध डेअरीला का घालतेस?" मी तेरा वर्षांची, कोणालाही कोंडीत पकडायला टपलेली.

"म्हशी मालकांच्या. डबा माझा."

तेव्हा मला ते उत्तर पळपुटं वाटलं होतं. आज वाटत नाही. जिच्या नावावर ना गुंठाभर जमीन ना एक जनावर, त्या बाईनं स्वतःचा हुकूम चालणारी एवढीशी जागा शोधली आणि तिथं माघार घेतली नाही.

वडिलांना हे कळलं तेव्हा ते तणतणत आले. "गोठ्यात दोन म्हशी आन् माझ्या पोरीला कोरडी भाकर? दिवाळीपर्यंत बघतो, हौसा. पोरगी वाळली तर घेऊन जाईन."

घेऊन जाईन म्हणजे शाळा संपली, आणि मागोमाग लग्न. वडिलांचा डॉक्टरवर विश्वास नव्हता, काट्यावर होता. कांद्याच्या व्यापाऱ्याकडं नेऊन त्यांनी मला गोण्यांच्या काट्यावर उभं केलं आणि आकडा खिशातल्या डायरीत लिहिला.

पुढचे काही महिने आत्या डबा देताना रोज बजावायची, "चावून खा गं. माझी इज्जत हाय त्यात." वर्गातल्या मुली आधी नाकं मुरडायच्या. मग हळूहळू बिस्किटं देऊन माझी शेंगोळी मागू लागल्या. मी देत नसे. माझी शाळा त्या डब्यात होती.

दिवाळीला पुन्हा काटा. मी मुद्दाम दप्तरासकट चढले. आत्यानं सगळ्यांदेखत हटकलं, "उतर. दप्तर काढ, चपला बी काढ. लबाडीनं न्हाई ठिवायचं तुला." मी उतरले, दप्तर ठेवलं, चपला काढल्या. पुन्हा चढले. वडिलांनी डायरी उघडली, काट्याकडं पाहिलं, परत डायरीत पाहिलं. चार किलो वाढले होते.

"काट्यात खोट असंल," ते म्हणाले.

"मंग काल ह्याच काट्यावर कांदा घातलास, त्यो बी खोटाच का, दादा?"

हमाल खो खो हसले. वडील हसले नाहीत, पण एकटेच घरी गेले. दहावीपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही.

पुढं पुण्यात जनावरांच्या हालांबद्दल पत्रकं काढणारा आमचा गट होता. एका पत्रकात मी आत्याबद्दल लिहिलं आणि पिंपळवंडीला जाऊन तिला वाचून दाखवलं. ती मन लावून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "लई ग्वाड लिवलंस. पर हे वाचून कुणाच्या लेकराचं पोट भरंल?" पत्रक छापून होण्याआधीच ती गेली.

म्हणून दुधाबद्दल तुमचं मत विचारत नाही. आज निजण्यापूर्वी मूठभर चवळी भिजत घाला. सकाळी उपसून फडक्यात बांधा. मोड यायला वेळ लागेल, तेवढं थांबा. मग शिजवा, आणि डबा स्वतःच्या हातानं भरा.