बापावर आठ दिवस पाळत

फौजेतून निवृत्त होऊन जानेफळला परतलो, तेव्हा गावात माझ्याविषयी एवढीच माहिती पसरलेली होती की हा रडारवर होता. त्याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या सोयीने लावला. एकाने हरवलेल्या शेळीचा पत्ता विचारला, एकाने बोअर कुठे मारू ते विचारलं. शेजारी तर म्हणाला, "रानडुकरांसाठी कँटीनमंदी एखांदं जुनं रडार भेटते काय पाहा ना." फौजेच्या कँटीनमध्ये साबण आणि कुकर मिळतात, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

आमचं रडार विमानं पाहणारं नव्हतंच. ते सरहद्दीवर जमिनीकडे तोंड करून बसायचं आणि धुक्यात, झुडपाआड काही हललं की पकडायचं. पडद्यावर ठिपका यायचा आणि हेडफोनमध्ये आवाज. त्या आवाजावरून माणूस चालतोय, रांगतोय की नुसतं गाढव आहे, हे ओळखायचं. मी त्यात पटाईत होतो. हे मीच सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगत नाही. फक्त, जे हलत नाही ते त्या यंत्राला कळत नसे. थांबलेला माणूस आणि दगड त्याला सारखेच.

मी येऊन पंधरा दिवस झाले असतील. मायने मला स्वयंपाकघरात बोलावून दार लोटलं.

"तुह्या बाले दिसत नाही रे. चहात माशी पडली तं माशीसगट पेते."

"मंग त्याले इचार ना."

"इचारलं. मले माहीत होतं माशी हाये मून, असं म्हंते."

बा कबूल करणार नव्हता. गल्लीतल्या एका म्हाताऱ्याला दिसेनासं झालं तेव्हा पोरांनी त्याला ओट्यावर बसवलं, आणि तो पुढे ओट्याचाच झाला. वावरात जाणं बंद झालं की आपणही संपलो, असा बाचा सरळ हिशेब होता. मायला भीती वेगळीच. आमच्या वावराच्या मधोमध विहीर आहे आणि तिला कठडा नाही. बा रोज सकाळी बैल घेऊन एकटा तिच्या कडेने जायचा.

"तू तं लपलेले दुश्मन हुडकत होता," माय म्हणाली. "आता बापाच्या डोयाचं काय ते हुडक."

मी ही जबाबदारी फारच मनावर घेतली. दुर्बीण काढली, वही घेतली आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीखाली ठाण मांडलं. संध्याकाळी मायला अहवाल वाचून दाखवायचो. 'सात वाजून दहा मिनिटांनी लक्ष्य घरातून निघालं. सोबत एक बैल.'

"लक्ष्य मंजे कोन?"

"बा."

"मंग बा मन ना."

आठ दिवसांत एकही चूक सापडली नाही. बा सरळ चालायचा. विहीर आली की हातभर अंतर राखून वळायचा. कासरा त्याच्या हातात होता, म्हणजे बैलाला बा नेतोय, असं मी लिहिलं. एकदा शेजारी चाळीस पावलांवर होता, तोंडातून शब्द काढला नव्हता, आणि बा ओरडला, "काऊन गा, गुडघा अजून दुखून राह्यला काय?" शेजारी खरंच पाय घासत लंगडत होता. दूरची नजर उत्तम, अशी मी नोंद केली आणि खाली दोन रेघा मारल्या.

"माय, बाची नजर माह्यापेक्षा चांगली हाये," मी जाहीर केलं. मायनं बाचा चहा दुसऱ्यांदा गाळला.

नवव्या दिवशी मी पाळत उठवली होती. सहज मोटारपंपाकडे निघालो, तर पांदणीतून बा आणि बैल समोरून येताना दिसले. त्या बैलाचं आणि माझं पटत नाही, म्हणून मी वाटेच्या कडेला गप्प उभा राहिलो. भर उन्हात, लाल टी-शर्टात. बैलाने मला पाहिलं आणि तो थांबला.

"काय झालं रे? थांबला काऊन?" बानं बैलाला विचारलं.

मी चार हातांवर होतो. मला वाटलं, चेष्टा करतोय. पण बानं मान तिरकी करून कान दिला आणि मग बैलाच्या पाठीवर थाप मारली.

"चाल बापा. आज पोरगा खोकलून नाही राह्यला, मंजे आला नाही वाटते. आठ दिवस वही भरली बिचाऱ्यानं. तू मातर बरोबर चालला. इहीर आली का असाच वळत जाजो."

आधी मला राग आला. फौजेची नोकरी केलेल्या माणसाला एका बैलाने आणि एका म्हाताऱ्याने मिळून बनवलं होतं. मग विहीर आठवली. आठ दिवस मी तो कासरा दुर्बिणीतून बघत होतो.

"बा," मी म्हणालो.

तो दचकला. कासरा हातातून सुटला.

"कव्हापासून उभा हाये?"

"बैल थांबला तव्हापासून."

तो वाकून कासरा चाचपायला लागला. "आता तू मायले सांगशीन."

"सांगीन."

"मंग वावर?"

एवढंच विचारलं त्यानं. पण त्याचा आवाज ऐकून मला त्याच्याकडे बघवेना. "वावर कोनी बंद करत नाही," मी म्हणालो. "आधी डोये दाखवू." खरं तर डॉक्टर काय सांगतील याची मलाच धास्ती होती.

मेहकर, चिखली करत आम्ही तिघं एसटीने बुलढाण्याला गेलो. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, पिकलाय, ऑपरेशन केलं की दिसेल. किती दिवसांपासून त्रास आहे, असं त्यांनी विचारलं. बा म्हणाला, "दोन-चार महिने." मागून माय म्हणाली, "चार वरसं."

मी दरवर्षी सुट्टीवर यायचो. चार वर्षं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी एका डोळ्याची पट्टी निघाली. बानं आधी भिंत पाहिली, मग खिडकी. मग मायकडे पाहून म्हणाला, "तू होती तशीच हाये." मायने पदर सारखा केला. मग तो माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता वावराचं विचारणार. त्यानं हात पुढे करून माझ्या कानशिलावरचे पांढरे केस चाचपले.

"तू एवढा म्हातारा कव्हा झाला बे?"

मी व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून रडलो. आत बा मायवर खेकसत होता, "याले जेवाले घालत नव्हते काय तिकडं? अन् मले सांगतलं काऊन नाही कोनी?"