इचिकावातल्या घराची चतुःसीमा

निघायच्या दिवशी गाडी दारात उभी होती, आई दह्याची वाटी घेऊन ताटकळत होती आणि बाबा मला कंपाउंडभोवती फिरवत होते. कराडच्या रजिस्ट्रार कचेरीबाहेर दस्त लिहिण्यात त्यांचा जन्म गेलेला. एकुलत्या एका लेकीला निरोप द्यायची त्यांची रीत ही अशी.

"पाठ कर," ते म्हणाले. "पूर्वेस नगरपालिकेचा रस्ता, पश्चिमेस जोशी यांची मिळकत, दक्षिणेस मुल्ला यांचं घर, उत्तरेस ओढा. येणेप्रमाणे चतुःसीमा."

"बाबा, विमान चुकेल माझं!" मी हसत सुटले. पण पाठ झालंच.

बाबा गेले, आई गुडघ्यांपायी पुण्याला मावशीकडे राहायला गेली, आणि कराडचं घर कुलपात पडलं. विकायचं ठरलं तेव्हा आईने अट घातली. "आधी तिकडे स्वतःचं घर घे, मग मी सही करीन. आपल्या पोरीला कुठेच दार नाही, हे मला सोसायचं नाही." मग हळूच विचारलं, "परक्या मुलखात जमीन नावावर करून देतात गं?"

देतात. घराखालच्या जमिनीसकट, कायमची.

जपानातल्या इचिकावात स्टेशनपासून जरा आत एक चिंचोळं दुमजली घर मिळालं. इथे करारावर शिक्का मारण्याआधी एजंटने महत्त्वाच्या सगळ्या बाबी समजावून सांगायच्या, असा कायदाच आहे. माझे एजंट ओगावा-सान, म्हणजे ओगावासाहेब, यांनी आधी आपलं परवान्याचं कार्ड दाखवलं आणि मग पानामागून पान मोठ्याने वाचलं. पुराचं पाणी कुठवर चढू शकतं, गटाराची लाइन कुठून जाते, पुढे बांधकाम वाढवायचं तर किती वाढवता येईल. बाबांनी तर त्यांना चहाच पाजला असता. मी मात्र चतुःसीमेची वाट बघत होते, आणि ती काही येईना. जमिनीचा नंबर आला, क्षेत्रफळ आलं, कोपऱ्यांत ठोकलेल्या खुणांचा नकाशा आला.

न राहवून मी विचारलं, "पूर्वेला कोण राहतं?"

ओगावा-सान गोंधळले. शेजाऱ्यांबद्दल काही तक्रार ऐकलीय का, असं त्यांनी अदबीने विचारलं. नाही म्हटल्यावर बरं वाटून पुढचं पान वाचू लागले.

मी सहीच्या जागी नगरपालिकेत नोंदवलेला माझ्या नावाचा शिक्का मारला. ओगावा-सान वाकून अभिनंदन म्हणाले. परतताना कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून, एक पुडिंग घेतलं आणि भाड्याच्या खोलीत उभ्यानेच खाल्लं. घर घेतल्याचे पेढे म्हणायचे ते हेच. फार एकटं वाटलं त्या दिवशी.

कराडच्या विक्रीसाठी मुखत्यारपत्रावर सही करायला भारतीय दूतावासात गेले. मामाने सोबत खरेदीखताचा मसुदा पाठवला होता. 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण यांसह.' हे सगळ्याच खतांत असतं, बाबांनी आयुष्यभर लिहिलं. तरू म्हणजे आमच्या कंपाउंडातलं रामफळाचं झाड, हे मात्र मला तिथे खुर्चीत बसल्यावर कळलं. काउंटरवरच्या बाईंनी टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला.

कराडकरांनो, त्या रामफळाला तुम्ही रोज बघता, त्याचा मला हेवा वाटतो. आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, तुम्हाला तर सांगायलाच नको.

नव्या घरात सामान लागलं त्या रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला. घर दाखवते म्हटलं, तर म्हणाली, "ते राहू दे. चतुःसीमा सांग."

इथे राहायला आलेल्याने शेजाऱ्यांना छोटीशी भेट देऊन यायचं असतं. टॉवेलची पाकिटं घेऊन मी सकाळीच फिरले होते, म्हणून वाचले. "पूर्वेस तानाबे-सान, एकटेच असतात. पश्चिमेस एक जोडपं आणि मांजर. दक्षिणेस रस्ता. उत्तरेस..."

"उत्तरेस?"

"दार उघडलं नाही कुणी."

आई म्हणाली, "आपलं घर विकलं, तरी मुल्लाचाचांच्या खतात उत्तरेस अजून तुझे बाबाच आहेत. ते नाव कोण खोडणार?"

फोन ठेवून मी परत उत्तरेच्या घरी गेले. आत दिवा होता. दोनदा बेल वाजवली, कुणी आलं नाही. शेवटी टॉवेलचं पाकीट दाराच्या कडीला अडकवलं आणि सोबतच्या चिठ्ठीवर जपानीत माझं नाव लिहिलं. नावाखाली एकच ओळ लिहिली: तुमच्या दक्षिणेस मी राहते.