आधी खांदा आणा

नाशकातल्या त्या बंदूकवाल्याकडं मी महिन्यात चार खेपा घातल्या. माणूस विचित्रच. कुठलीही बंदूक दाखवायची तर आधी उघडून रिकाम्या नळ्या दाखवणार, आपण "बघितलं" म्हणेपर्यंत पुढं बोलायचा नाय. किंमत विचारली की म्हणायचा, "आधी खांदा आणा."

शेवटी नातीला घेऊन गेलो. ती उडत्या मातीच्या तबकड्या फोडते. स्पर्धा तोंडावर, आणि उसन्या बंदुकीनं तिचे नेम चुकत होते. एकावर एक नळ्यांची, चांदीच्या नक्षीची महागडी मी आधीच हेरली होती. चौथी शिकलोय, पण पारख हाय मला.

त्यानं नातीला डोळे मिटून ती खांद्याला लावायला सांगितली, मग डोळे उघडायला. समोरून वाकून बघितलं. "मागचा लाकडी दस्ता हिला लांब पडतो. नळीवरून डोळा अर्धाच दिसतो." मग एक साधी, जुनी दिली. "आता डोळा बरोबर नळीवर आला. हिला निम्मेच पैसे पडतील."

"माझ्या नातीला जुनी?" मी तडकलो.

त्यानं चांदीवाली माझ्या हातात दिली. खांद्याला लावली, तर काय चपखल बसली!

"बाबा, ही तुम्हाला बसते," तो शांतपणे म्हणाला. "स्पर्धेला कोण उतरणार?"

नात तोंड दाबून हसली. तिला म्हणालो, "जुनीच घेऊ. पण घरी सांगताना पसंती आजोबांची म्हणायचं."