आज नाही धाडली

"हे वाक्य कुठं भेटलं तुले?"

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या मॅडम पोरांना पहिला प्रश्न हाच विचारत. अर्थ नंतर, स्पेलिंग त्याहून नंतर. पोरगं चाचरत म्हणे, "भेटलं नाही मॅडम, मी बनवलं." मग मॅडम चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि थकल्या आवाजात म्हणत, "बनवू नोको बाप्पा. लोकं बोलते, लिहिते, तेच आण."

मी तिथं मराठी शिकवायचो. स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची माझी. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी बोलताना नेहमी नुकतीच लांबून चालत आल्यासारखी वाटतात. मॅडम तशा होत्या. धाप लागायची, पण तास कधी बुडवला नाही.

एकदा त्या प्रशिक्षणाला हैदराबादला गेल्या होत्या. तिथं त्यांनी संगणकावर एक गोष्ट पाहिली. पुस्तकांतून, वर्तमानपत्रांतून, माणसांच्या बोलण्यातून गोळा केलेली खरी वाक्यं. एक क्रियापद टाकायचं, की त्याच्या शेकडो ओळी एकाखाली एक येतात आणि मधोमध ते क्रियापद, कपाशीच्या रांगेसारखं सरळ उभं. "क्रियापद एकटं राहत नाही सर," त्या मला सांगत होत्या. "त्याच्या मागं कोण येते ते पाहा. मंग कळते ते कोणत्या घरचं आहे."

आमच्या कॉलेजचा संगणक कुलपात असे. मग मॅडमनी चपलांचे रिकामे खोके आणले. प्रत्येक खोक्यावर एक क्रियापद. पोरं वाक्यं आणू लागली. फवारणीच्या डब्यावरची, मलमाच्या ट्यूबवरची, हमरस्त्यावरच्या पाट्यांवरची, ढाब्यावर पडलेल्या इंग्रजी पेपरातली. "स्टॉप"चं खोकं सगळ्यात भरलेलं. त्याच्या मागं "टू" आलं तर दुसऱ्या कामासाठी थांबणं, आणि "इंग" आलं तर ते कामच बंद. मलमावर लिहिलेलं असायचं, खाज सुटली तर "स्टॉप युझिंग". मॅडम विचारत, "म्हणजे काय?" वर्ग एका सुरात ओरडे, "लावणं बंद!"

ती कापसाची वाईट वर्षं होती. दिल्ली-मुंबईचे पत्रकार जीपा घेऊन गावोगाव फिरत होते. आमच्या खोक्यांतली वाक्यंही बदलली. सगळीकडं मरणं, बुडणं, सोडून जाणं, अशी तीच दोन-चार क्रियापदं येऊ लागली. एक दिवस मॅडम चिठ्ठ्या चाळताना म्हणाल्या, "आपल्या जिल्ह्यात कोणी हसून राह्यलं, जेवून राह्यलं, असं इंग्रजीत कोणी लिहीतच नाही काय हो?"

त्याच हिवाळ्यात एका पोरानं पेपरातलं वाक्य फळ्यावर लिहिलं. "ही स्टॉप्ड सेंडिंग हिज डॉटर टू स्कूल." जवळच्या एका खेड्यातल्या बापाची बातमी होती, गावाच्या नावासकट, त्याच्या फोटोसकट. वर्ग म्हणाला, "धाडणं बंद!"

मागच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, हा माहा बाबा आहे."

सगळी पोरं मागं वळली.

"पण त्यानं माही शाळा कुठं बंद केली? मी तं इथंच आहो."

मॅडमनी तिला जवळ बोलावलं. हळूहळू कळलं ते असं. पत्रकार घरी आले त्या दिवशी मुलीला ताप होता. ती खाटेवर झोपलेली. त्यांनी विचारलं, पोरगी शाळेत का नाही? बाप म्हणाला, "आज नाही धाडली." जीपवाल्यानं आपल्या परीनं त्याचं इंग्रजी करून दिलं. एका दिवसाचं न जाणं कायमचं बंद होऊन छापून आलं.

"बाबा आता चौकात जात नाही," मुलगी म्हणाली. "लोकं म्हणते, पोरीची शाळा तोडणारा. अन् परवा शहरातून संस्थेच्या बाया येऊन राह्यल्या पेपर वाचून, मले होस्टेलात न्यायले. बाबाले वाटते, पेपरात छापलं म्हणजे मले धाडावंच लागन."

मॅडमनी स्टाफरूममध्ये येऊन हे सगळं मला सांगितलं आणि हजेरीपट पुढं ठेवला; तिची गैरहजेरी एकाच दिवसाची होती. "सर, तुमची गाडी आहे ना?"

ठरल्या दिवशी मी त्यांना स्कूटरवर मागं बसवून नेलं. बाया आधीच आल्या होत्या. चांगल्या होत्या, खोटं कशाला सांगू. मुलीसाठी नवी बॅग आणली होती. बाप दाराशी उभा होता, हात बांधून. आई आतून चहा पाठवत होती.

मॅडम त्यांच्याशी इंग्रजीत बोलल्या. त्यांचं एवढं सलग इंग्रजी मी पहिल्यांदाच ऐकलं. "बंद नाही केली," त्या समजावत होत्या, "त्या दिवशी धाडली नाही, एवढंच." त्या बायांपैकी एक नम्रपणे म्हणाली, शेवटी अर्थ तोच ना?

"नाही," मॅडम मराठीतच म्हणाल्या. मग बापाकडं वळल्या. "दादा, तुम्ही सांगा. पोरगी न्यायची का इथं ठेवायची? पेपर सोडून द्या. तुमच्या मनात काय आहे?"

त्यानं पोरीकडं पाहिलं. मग म्हणाला, "तिले विचारा ना मॅडम. मले काहून विचारता? शाळा तं तिची आहे."

मुलगी म्हणाली, "बारावी इथंच करतो. मंग पाहू."

बाया बॅग ठेवून गेल्या. जाताना त्यांनी बापाला नमस्कार केला. त्यानं हात जोडले आणि मग ते कुठं ठेवावेत हे त्याला कळेना.

परतताना मॅडमना मी म्हणालो, बरं झालं. त्या म्हणाल्या, "काय माहीत सर. तिकडं चांगली शिकली असती. मी 'इंग' अन् 'टू' करत बसली."

पेपरानं चूक कधी दुरुस्त केली नाही. उलट ते वाक्य दुसऱ्या पेपरांनी उचललं, मग एका मासिकानं. पोरं भाबडेपणानं तेच वाक्य पुन्हा पुन्हा आणत राहिली. मॅडम चिठ्ठी घेत, वाचत आणि खोक्यात टाकत.

"खोटं आहे ना हो ते," मी एकदा न राहवून म्हणालो.

"खोटं आहे. पण लोकं खरंच वापरते. खोक्यात तं जाईनच." त्यांनी खोक्याचं झाकण लावलं. "यावर मले कोणी हैदराबादले काही शिकवलं नव्हतं."

मुलगी बारावी झाली. तिला यवतमाळला नर्सिंगला सोडायला बाप स्वतः गेला, डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन. एसटीत बसण्याआधी तो कॉलेजात येऊन गेला. मॅडम तासावर होत्या. तो वर्गाच्या दारात उभा राहिला आणि सगळ्या पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मॅडम, पोरगी धाडून राह्यलो." मॅडमनी मान हलवली आणि फळ्याकडं तोंड केलं.

दोनेक वर्षांत त्यांची धाप वाढली. मुदतीआधीच निवृत्ती घेऊन त्या पुसदला बहिणीकडं राहायला गेल्या. मी भेटायला गेलो तेव्हा ओट्यावर बसल्या होत्या. बहीण तुरीच्या शेंगा सोलत होती. मी कॉलेजच्या गोष्टी सांगू लागलो. नवीन प्राचार्य, नवीन इमारत, कोणाची बदली, कोणाचं लग्न.

त्यांनी हळूच हात वर केला. "बोलू नोका सर आता. खूप झालं बोलणं. नुसते बसा."

बहिणीनं मूठभर शेंगा माझ्या पुढ्यात ठेवल्या. मी सोलत बसलो. समोरच्या रस्त्यानं माझी एसटी गेली, दोघांनीही ती जाताना पाहिली, आणि मी उठलो नाही. संक्रांतीनंतर त्या गेल्याचं कळलं. त्या दुपारी आम्ही काय बोललो असं कोणी विचारलं, तर मला काहीच सांगता येत नाही.