लंगड्या पक्ष्याची न्याहारी

डेल्बर्ट हॉगेनने तीस वर्षं लाकडाच्या गिरणीत रेडवुडचे ओंडके चिरले आणि म्हातारपणी किनाऱ्यालगतच्या त्याच झाडांखाली सहलीला येणाऱ्यांच्या तंबूंची जागा राखायला आला. पगार नाही. पहिल्या झाडाखाली आपलं फिरतं घर उभं करायची मुभा, एवढंच. बायको, आर्लीन, होती तोवर दोघं मिळून राखत. गावातलं घर तिच्या आजारपणात विकलं गेलं. ती गेल्यावर ही जागा हाच त्याचा पत्ता उरला.

काम मुख्यतः खरकट्याचं. त्या झाडांच्या उंच फांद्यांवर एक लहानसा समुद्रपक्षी वर्षाला एकच अंडं घालतो. तंबूंपाशी कण सांडले की तुरेवाले निळे पक्षी गोळा होतात, आणि एकदा गोळा झाले की वर जाऊन ते अंडंही फोडतात. म्हणून पावाचा कण दिसला तरी डेल्बर्ट तो उचलायला लावी. राखणदारच पाखरांना खाऊ घालताना सापडला, तर त्याची जागा जायची.

आणि डेल्बर्ट रोज खाऊ घालत होता. एका लंगड्या निळ्या पक्ष्याला आर्लीनने बिस्किटाच्या चुऱ्याची सवय लावली होती. ती गेली, तरी तो सकाळी सातला टेबलावर हजर. डेल्बर्टच्याने त्याला हाकलवेना.

जुलैत तंबूत उतरलेल्या एका बाईला त्याने सांडलेल्या पॅनकेकवरून चांगलंच फैलावर घेतलं. तिने मुकाट्याने सगळं पुसलं, मग म्हणाली, "काका, तुमचं टेबल कोण पुसतं? तो लंगडा?"

तिच्या मनात तक्रार नव्हती. तिने हसून कॉफीही पुढे केली. पण ते त्याच्या जिव्हारी लागलं. कॉफी तशीच ठेवून तो वनरक्षक मॅरिसोलच्या चौकीवर गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

मॅरिसोलने कागदावरून मान वर केली नाही. "मे महिन्यापासून ठाऊक आहे मला. म्हटलं, तुम्हीच याल."

"मग जागा सोडू?"

"तुमच्यासारखा कण वेचणारा दुसरा कुठून आणू? पण पुन्हा दिसलं, तर सामान बांधा. आर्लीनबाईंचं नाव सांगितलंत तरी."

दुसऱ्या दिवसापासून तो न्याहारी आत बसून करू लागला. सातला काचेवर चोच वाजे. तो खिडकीकडे पाठ करून सावकाश चावत राही. आठ दिवस वाजली. नवव्या दिवशी वाजली नाही. जरा वाट पाहून त्याने पडदा सरकवला. बाहेरचं टेबल रिकामं होतं.

मग त्याने ओल्या बोटाने बशीतला चुरा टिपून खाल्ला आणि बादली घेऊन फेरीला निघाला.