उबो बसला, त्याची गोष्ट

उबो चारचौघांत एकदाच बसला, आणि त्या बसण्यात त्याची नोकरी गेली. एरवी माणूस कायम उभा. म्हणून तर नाव उबो. खरं नाव त्याच्या बायकोला आणि हजेरीच्या यंत्रालाच ठाऊक. पणजीची बस अर्धी रिकामी असली तरी हा दांडी धरून. लग्नात पंगत बसली की हा वाढप्यांत शिरायचा आणि शेवटी भिंतीला टेकून जेवायचा. बस रे म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसल्ल्याक उठोवपी खूब आसात. उब्याक कोण उठयतलो?"

कंपनीने त्याला घेतलं ते फुटबॉलचा गोली म्हणून, कागदावर फिटर. कंपनीचं नाव सांगत नाही, माझी चूल अजून तिच्यावरच पेटते. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकचे डबे करणारी, एवढं पुरे. मी बचावाला, म्हणजे उबोच्या पुढ्यात खेळायचो. गोलीने जमिनीवर अंग टाकायचं असतं, आणि नेमकं त्याचंच उबोला वावडं. उंचावरचा चेंडू तो झाडावरचा आंबा काढावा तसा अलगद काढायचा. खालून आलेल्याला मात्र अदबीने वाट द्यायचा. आम्ही हरायचो आणि उबो उभ्यानेच शिव्या खायचा.

सामन्याआधी राष्ट्रगीत लागलं की मात्र त्याच्याकडे बघावं. आमच्यातला एखादा बुटाची नाडी सारखी करी, एखाद्याला तेव्हाच मान खाजवायची असे. उबो खांबासारखा ताठ, आणि डोळ्यांत पाणी. नंतर आम्हाला झापायचा की मुंग्या चावल्या तरी हलायचं नाही. त्याच्यामुळेच आमचा संघ निदान तेवढा वेळ तरी शिस्तीत दिसायचा.

मग कंपनीत नवे मॅनेजर आले. बसल्याने आळस येतो, हा त्यांचा सिद्धांत, आणि तो त्यांनी गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसून मांडला. पॅकिंगमधली सगळी स्टुलं उचलली गेली. नियम फळ्यावर लागला की कामाची पाळी संपेपर्यंत कामगाराने उभं राहावं. तिथे सगळ्या बायका, मुळगाव-मयेहून येणाऱ्या. त्यांतल्या शेवंतीमावशीचे पाय संध्याकाळी इतके सुजायचे की चपला हातात घेऊन ती बसस्टॉप गाठायची. बायकांनी गाऱ्हाणं नेलं, तेव्हा साहेबांनी बोट दाखवलं ते उबोकडे. हा बघा, कधी बसतो का? दुसऱ्या दिवशी नियमाच्या शेजारी उबोचा फोटो लागला, खाली 'आदर्श कामगार'.

उबो आयुष्यभर आपल्या हौसेने उभा राहिला होता. त्या हौसेची कुणी दुसऱ्याच्या पायांत बेडी करील, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. तो स्वतः स्टुलं मागायला गेला. साहेब हसून म्हणाले, तुला स्टूल कशाला, तू तर बसतच नाहीस. उबो परत आला आणि फोटोसमोर बराच वेळ थांबला. शेवंतीमावशी त्याच्याशी बोलेनाशी झाली होती, ते त्याला फार लागलं होतं.

त्या वर्षीच्या कंपन्यांच्या स्पर्धेत पहिला सामना आमचा. पाहुणे आले, राष्ट्रगीत सुरू झालं, आणि माझ्या शेजारी उबो खाली बसला. मांडी घालून, हातमोजे मांडीवर, मान खाली. मला त्याचा संताप आला. आजही तसं कोणी बसलेलं मला बघवणार नाही. पण हलायचं नाही हे त्यानेच शिकवलेलं, त्यामुळे मी गप्प उभा. हलले ते देशभक्त. राष्ट्रगीत चालू असताना मोबाइल बाहेर आले, कोण जवळून टिपतो त्याची ढकलाढकली झाली. आमचे साहेब तर चांगला कोन मिळावा म्हणून खुर्चीवर चढले. राष्ट्रगीताचा अपमान कसा झाला हे त्या हलत्या चित्रफितीतून गावभर कळलं.

ड्रेसिंग रूममध्ये मी भांडायलाच गेलो. तो खालच्या आवाजात म्हणाला, "खुर्चेर बसल्ल्यांक दुसऱ्याचे पांय दिसनात. म्हणून सगळ्यांक दिसता थंय बसलों." त्याचे डोळे नेहमीसारखेच ओले होते. माझं भांडण तिथेच संपलं, पटलं मात्र नाही.

चौकशी झाली. आरोप असा की कंपनीचा गणवेश अंगात असताना कंपनीची मान खाली घातली. चौकशीत आरोपीला खुर्ची द्यावी असाही नियम आहे म्हणे, म्हणून साहेबांनी त्याला बसायला सांगितलं. "पॅकिंगातल्यो बायो उब्यो आसात, हांव कसो बसूं?" उबो म्हणाला. माफी माग म्हटल्यावर त्याने हात जोडले. "मागतां. त्या गीताची. तुमची न्हय." दुसऱ्या दिवशी फळ्यावरून फोटो उतरला आणि हजेरीच्या यंत्राने त्याचं बोट ओळखायचं सोडून दिलं.

पण चित्रफीत बघून लोक एक प्रश्न विचारू लागले होते, हा माणूस बसला तरी कशाला? प्रश्न, आणि त्याच्या पाठोपाठ स्टुलांची गोष्ट, वरच्या कचेरीपर्यंत गेली. मग महिला आरोग्य उपक्रम म्हणून स्टुलं परत आली. साहेबांनी रिबन कापली, फोटो काढला, वर्षअखेर त्यांना बढतीही मिळाली. ते अजून बसूनच आहेत.

उबोने डिचोलीच्या बाजारात गाडा टाकला. पाव, ऑम्लेट, चहा. गिऱ्हाइकांना बाक आहे, हा उभा. जवळच्या शाळेतून राष्ट्रगीत ऐकू आलं की गॅस बंद करतो आणि खांब होतो. ज्यांनी त्याला देशद्रोही ठरवलं, ते त्याच बाकावर बसून ऑम्लेट वेळेवर मिळत नाही म्हणून कुरकुरतात.

पॅकिंगमध्ये आता नव्या मुली आल्या आहेत. परवा तिथून जात होतो. एक मुलगी थकून टेबलाला टेकली होती. शेवंतीमावशीने पायाने स्टूल तिच्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "हो घे उबो. बस मगे." त्या मुलींना वाटतं, स्टुलाला आपल्याकडे उबोच म्हणतात. त्यांची चूक कोणी दुरुस्त करत नाही.